लिनक्सवर चालेल का?

मीटिंग संपली हे आम्हाला काकांच्या प्रश्नावरून कळायचं. गेममधल्या होडीचा रंग ठरत असो, दिवाळीची सुट्टी ठरत असो, नाहीतर बाथरूमच्या गळक्या नळाचं काय करायचं हे ठरत असो, सगळं बोलून झालं, लोक खुर्च्या मागे सरकवायला लागले, की कोपऱ्यातून घसा खाकरल्याचा आवाज येणार आणि मागोमाग प्रश्न: "हे लिनक्सवर चालेल का?" एकदा ऑफिसात पाणी तापवायची नवी किटली आली तेव्हा गेमची चित्रं काढणाऱ्या मुलीने काकांच्या आधीच हा प्रश्न विचारून टाकला. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी किटली उलटी करून बुडाचं लेबल वाचलं.

आमचं ऑफिस म्हणजे मालाडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. शेजारी खोट्या दागिन्यांचा कारखाना, त्यामुळे दिवसभर पॉलिशचा वास आणि लिफ्टमध्ये पायाखाली मणी. तिथे आम्ही कॉम्प्युटरवरचे गेम बनवायचो. आम्ही म्हणजे मी, माझा पार्टनर आणि ही चित्रकार मुलगी. मी मढच्या बाजूची, कोळ्यांची. आई अजून बाजारात मासळी घेऊन बसते. तिच्या धंद्यावरच आम्ही 'बोली' नावाचा गेम रचला होता. खेळणारा पहाटे बंदरावर जातो, लिलावात मासळीवर बोली लावतो, ती बाजारात विकतो, आणि असे अकरा दिवस निभावले की बाराव्या दिवशी काय होतं ते त्याला कळतं. काकांना आम्ही टेस्टर म्हणून घेतलं होतं. गेम खेळून, आपटून, तो कुठे मोडतो ते शोधायचं आणि लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. बारावा दिवस तेवढा गुपित म्हणून आम्ही तिघंच तपासायचो. आम्ही सगळे तिशीच्या अलीकडे-पलीकडे आणि काका पन्नाशी उलटलेले.

इंटरव्ह्यूला पार्टनरने विचारलं होतं, घरी कुठले गेम खेळता? काका म्हणाले, "मी खेळत नाही. मी चालवतो." आम्हाला ती नम्रता वाटली. नंतर कळलं की ती निव्वळ माहिती होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर विंडोज असतं. लिनक्स ही त्याऐवजी वापरता येणारी दुसरी व्यवस्था. फुकट मिळते, कुणा एकाच्या मालकीची नाही, आणि ज्याच्याकडे असते तो पाच मिनिटांच्या आत तुम्हाला तसं सांगतो. गेमवाले बहुतेक करून विंडोजसाठीच गेम काढतात आणि लिनक्सवाल्यांनी आपलं आपण बघून घ्यावं असं समजतात. काका बघून घ्यायचे. वीस वर्षं टेस्टर म्हणून निरनिराळ्या कंपन्यांत काढली, ढिगाने गेम तपासले, पण त्यातला एकही गेम घरच्या कॉम्प्युटरवर सरळ चालला नव्हता. नोकरी देताना पार्टनरने काही अपेक्षा आहेत का म्हणून विचारलं, तेव्हा पगाराबद्दल चकार शब्द न काढता ते एवढंच म्हणाले, की मी तपासलेला एक तरी गेम असा असावा, जो घरी नेला, दोनदा टिचकी मारली, की सुरू झाला. मध्ये काही करावं लागू नये. पार्टनर म्हणाला, बघू ना काका. आता मुंबईत 'बघू' म्हणजे 'नाही' हे शेंबड्या पोरालाही कळतं. काका मात्र ते 'बघू' घेऊन मुलुंडला घरी गेले आणि जपून ठेवलं.

त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना मूळव्याध म्हणायचो. लिनक्समध्ये सर्वाधिकार असलेल्या मालक माणसाला 'रूट' म्हणतात. काका स्वतःच्या कॉम्प्युटरवर रूट होते आणि ते वारंवार सांगायचे. रूट म्हणजे मूळ, आणि प्रश्न असा की बसायला गेलं की आठवण करून देणार. हे नाव माझंच. तेव्हा मला त्याचा बराच अभिमान होता.

विंडोज हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. ते 'खिडकी' म्हणायचे. "खिडकीवर तपासलं, ठीक आहे," असं रिपोर्टात लिहायचे, आणि नवीन माणसाला वाटायचं की हे काका गेम खिडकीत ठेवून लांबून बघतात की काय. खिडकी म्हणजे पागडीची खोली, असं त्यांचं म्हणणं. राहता तुम्ही, केर काढता तुम्ही, पण भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाची परवानगी, आणि मालकाच्या मनात आलं तर तो तुम्ही झोपलेले असताना येऊन कपाट हलवून जाणार. लिनक्स हे स्वतःचं घर. "गळतं," पार्टनर म्हणायचा. "गळतं," काका कबूल करायचे, "पण कुठे गळतं ते मला माहीत असतं."

स्वतः ते ज्या सोसायटीत राहायचे तिचा पुनर्विकास अकरा वर्षं अडकला होता आणि तो बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे अडकला होता. बिल्डरने करारनामा वाटला, सगळ्यांनी शेवटचं पान उघडून सही केली. काकांनी पहिलं पान उघडलं. लिहिलेलं वाचायचं आणि वाचल्याशिवाय मान्य करायचं नाही, ही त्यांची खोड. कुठलंही सॉफ्टवेअर टाकताना अटींची जी लांबलचक पानं येतात आणि जी खाली सरकवून जगातला प्रत्येक माणूस 'मला मान्य आहे' दाबतो, ती काका वाचायचे. डबा खाताना वाचायचे. मध्येच मान वर करून "कलम चौदा बघितलंस?" असं विचारायचे. मी कलम एकही बघितलेलं नसायचं. आणि एकदा मान्य केलं की मग ते अक्षरशः पाळायचे. एका सॉफ्टवेअरच्या अटीत ते एकाच माणसाने वापरावं असं होतं, तर जेवायला जाताना ते कॉम्प्युटर बंद करून जात, न जाणो कुणी हात लावला तर. ही सवय आम्हाला विनोदी वाटायची आणि ती होतीही.

एका रविवारी त्यांनी मला मुलुंडला घरी बोलावलं. लिनक्सवर गेम कसा झकास चालतो ते तू डोळ्यांनी बघ, म्हणाले. मी गेले, कारण काका-काकू दोघंही मालवणचे आणि बांगड्याच्या तिखल्याचं आश्वासन होतं. काका कॉम्प्युटरपुढे बसले. फोल्डरांना नावंसुद्धा देवनागरीत दिलेली: घर, कागदपत्रं, खेळ, सटरफटर. 'खेळ' उघडून त्यांनी एक गाड्या पळवायचा गेम निवडला. तो विंडोजचा होता, त्यामुळे मध्ये एक दुभाषी बसवावा लागत होता. म्हणजे गेम विंडोजच्या भाषेत बोलणार, दुभाषी ते लिनक्सला समजावणार. असे दुभाषी हल्ली बरे निघालेत, बरेचसे गेम चालतातही. हा चालेना. काळा पडदा आला. काकांनी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप केली. मग आवाज आला पण चित्र नाही. मग चित्र आलं पण उलटं. तास झाला, दोन तास झाले, बांगडे जेवून झाले, सोलकढी झाली, मी वामकुक्षी काढून उठले, तरी काकांच्या नाकाचा शेंडा स्क्रीनपासून वीतभर. आणि तिसऱ्या तासाच्या शेवटी गाडी पळाली. सुरेख पळाली. काकांनी चारेक मिनिटं ती पळवली, एका वळणावर हळू केली, बाजूला घेतली आणि गेम बंद केला.

मी विचारलं, बस? ते म्हणाले, चालला ना? मग झालं. काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "तेंका खेळूचां नसतां गो, चालवूचां असतां. लग्नाक तीस वर्सां झाली, एक गेम पुरो केलेलो मी बघूक नाय." ही हकिगत मी सोमवारी ऑफिसात साभिनय सादर केली. पुढे आठवडाभर कुणी काही काम पूर्ण केलं की "चालला ना? मग झालं" असं म्हणून बंद करायची पद्धत पडली.

पण वाद घालायचे तेव्हा काका तयारीने घालायचे. गेम बनवणाऱ्यांनी लिनक्सचं लचांड अंगाला लावून घ्यावं का, यावर माझं आणि त्यांचं निदान पन्नास वेळा वाजलं असेल. माझं म्हणणं सरळ होतं. आपण तीन माणसं. लिनक्सवाले मूठभर, आणि त्या मुठीतल्या प्रत्येकाचं लिनक्स वेगळं. दहा माणसं असतील तर अकरा प्रकार. विकत घेणारे कमी आणि तक्रारी ढीगभर. त्यांच्या पत्रांना उत्तरं देत बसलो तर गेम कोण बनवणार? त्यावर काका म्हणायचे, भांडणारं गिऱ्हाईक हे बांधलेलं गिऱ्हाईक. जे मुकाट्याने टोपलीत डोकावून पुढे जातं ते गेलं. जे मासा उचलतं, कल्ले उघडून बघतं, ताजा नाही म्हणून तुझ्याशी तंडतं, ते घेणार असतं म्हणून तंडतं. हे माझ्या आईचं तत्त्वज्ञान झालं, शब्दाला शब्द. ते मालवणच्या माणसाने मला शिकवावं याचा मला राग यायचा आणि बरोबर असल्यामुळे जास्तच यायचा. मग पार्टनर दुभाष्याचं काढायचा. आता दुभाषी आहेत ना काका, मग आपण कशाला वेगळी मेहनत घ्यायची? काका त्याला विचारायचे, "तू दुभाष्यामार्फत संसार करशील काय रे?" पार्टनरचं नुकतंच ठरलेलं होतं. तो घाईने विषय बदलायचा.

तसंही 'बोली'ला दुभाषी चालणारच नव्हता. गेमची चोरी होऊ नये म्हणून विक्रीच्या प्रतीला पार्टनरने हौसेने एक कुलूप बसवलं होतं, आणि त्या कुलपाला दुभाषी दिसला की तो चोरच वाटायचा. म्हणजे काकांना घरी गेम चालवायचा तर आम्ही खास लिनक्ससाठी वेगळी प्रत काढणं हा एकच मार्ग होता.

ती काढून बघण्याचा एक प्रयत्न आम्ही केला होता. बटण दाबलं, प्रत निघाली, काकांनी आपल्या लॅपटॉपवर सुरू केली. बंदर दिसलं, गलबला ऐकू आला, बोली लागायला लागली, आणि टोपल्या सगळ्या रिकाम्या. एक मासा नाही. हवेवर लिलाव चालू. आम्ही हसून बेजार. कारण फार साधं निघालं. इंग्रजी अक्षर मोठं काढलं काय, लहान काढलं काय, विंडोजला ते एकच. लिनक्सला नाही. आणि आपल्या लिपीत मोठं अक्षर, लहान अक्षर असला प्रकारच नाही, त्यामुळे मराठी माणूस इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला बसला की मनाला येईल तिथे मोठं काढतो. माशांच्या चित्रांना चित्रकार मुलगी पहिलं अक्षर मोठं काढून नावं द्यायची. मी तीच नावं सगळी लहान अक्षरांत लिहायचे. पार्टनर सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्या अक्षरांत लिहायचा, ओरडल्यासारखा. त्यामुळे माझी मांदेली शोधायला गेलेल्या लिनक्सला तिची मांदेली दिसायची, ती ओळखीची वाटायची नाही आणि ते रिकाम्या हाताने परत यायचं.

काकांना याचा जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. "ज्या घरात लहान-मोठं कळत नाही ते कसलं घर," असं त्यांनी आम्हाला उभं करून ऐकवलं. मी म्हटलं, काका, हजारभर फाइली आहेत, एकेकीचं नाव कोण सारखं करत बसणार? ते म्हणाले, "मी बसतो."

आता इथे मी जे केलं ते सांगते. त्यांची कटकट बंद व्हावी म्हणून मी त्यांना गेमची सगळी मूळ सामग्री लॅपटॉपवर घरी न्यायला दिली. आणि गेमच्या जाहिरातीच्या पानावर, जिथे गेम कशाकशावर चालतो ते लिहायचं असतं, तिथे एक ओळ घातली: लिनक्स आवृत्ती विचाराधीन. सरकारी शब्द आहे. ज्याचा विचार कुणीच करत नाही त्याला विचाराधीन म्हणतात. सोसायटीची फाइल अकरा वर्षं विचाराधीन बघितलेल्या माणसाला हे मी सांगायची गरज नव्हती. पण काकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, विचाराधीन आहे म्हणजे नाही म्हटलेलं नाही. त्यानंतर मीटिंगच्या शेवटचा प्रश्न बंद झाला. आम्हाला शांतता मिळाली. एका शब्दात काम झालं म्हणून पार्टनरने मला वडापाव दिला.

चार महिने काका रविवारी घरी फाइलींची नावं सारखी करत होते. आम्ही विसरून गेलो होतो. गेम बाजारात यायला महिना उरला असताना एका दुपारी त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ये जरा. दोनदा टिचकी मारली. बंदर दिसलं, टोपल्या भरलेल्या. मांदेली, बोंबील, घोळ, सगळं आपापल्या जागी. विंडोजपेक्षा जरा सफाईनेच चाललं होतं, पण ते मी तेव्हा बोलले नाही. आम्ही वाट बघत होतो, काका आता चार मिनिटांनी बंद करणार. पार्टनरने तर घड्याळ लावलं होतं.

काकांनी बंद केलं नाही. ते खेळायला लागले. पहिल्या दिवशी बोलीत फसले, आईवरून रचलेल्या कोळणीने त्यांना शिळा बांगडा गळ्यात मारला, आणि ते चक्क तिच्यावर चिडले. दुसऱ्या दिवशी कल्ले बघून घेतला. तास गेला, चहा निवला, शेजारच्या कारखान्याची सुट्टी झाली, तरी काका बंदरावरच. कामासाठी नाही, नुसतं रंगून खेळताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. ओठ हलत होते, मनातल्या मनात भाव करत होते.

आणि मी नाही म्हटलं. म्हटलं, काका, काम उत्तम झालंय, पण उद्या लोकांच्या तक्रारी आल्या तर उत्तरं कोण देणार? ते म्हणाले, मी देईन. मी म्हटलं, तुम्ही उद्या इथे नसलात तर? याचं उत्तर खरं तर माझ्याकडेच होतं. गेम निघाला की टेस्टरची गरज संपते हे मला ठाऊक होतं. बरं, तीच प्रत गुपचूप घरी खेळा की तुम्ही, असंही मी म्हटलं, आणि आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं मला वाटलं.

'बोली' निघाला. लिनक्सची ओळ मी पानावरून काढली. दोन आठवड्यांनी काकांची मुदत संपली, म्हणजे आम्ही संपवली. निरोपाला बटाटेवडे आणि केक आणला. एक कागद सहीला होता. एका वकिलाने कधीतरी करून दिलेला, सोडून जाणारा प्रत्येक जण त्यावर उभ्या उभ्या सही करायचा. मी पेन पुढे केलं आणि म्हटलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे काका. ते खुर्चीवर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. वडे गार झाले. चित्रकार मुलगी मेणबत्ती लावून विझवून परत लावत होती. पाऊण तासाने त्यांनी मान वर केली.

"कलम सहा," ते म्हणाले. "कंपनीच्या सामग्रीच्या सगळ्या प्रती स्वतःच्या कॉम्प्युटरवरून पुसून टाकाव्यात. आत्ता पुसू की घरी जाऊन?"

पार्टनरला हसू आवरेना. माझं तोंड तर कायमचंच सुटलेलं. मी म्हटलं, "आत्ताच पुसा काका, नाहीतर पोलीस येतील."

त्यांनी लॅपटॉप उघडला, काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि बटण दाबलं. 'नक्की का?' असं तिथे कुणी विचारत नाही. मग सही केली, तारीख घातली, एक गार वडा खाल्ला आणि मुलुंडची बस पकडायला गेले. मी केक कापत होते. ते काय पुसतायत याचा मी क्षणभरही विचार केला नाही.

महिन्याभरात आमची वाट लागली. लोकांचे अभिप्राय यायला लागले की गेम साठवला जात नाही, रोज उघडला की पहिल्या दिवसापासून सुरुवात. सगळ्यांना नाही, काहींनाच. आमच्याकडे तर व्यवस्थित साठवला जात होता. तीन दिवस घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. मग एकाने रागारागाने स्क्रीनचा फोटो पाठवला आणि त्यात दिसलं: त्याने कॉम्प्युटरवर आपलं नाव देवनागरीत लिहिलं होतं. गेम त्या नावाच्या फोल्डरात साठवायला जायचा आणि ते नाव त्याला वाचता यायचं नाही. आम्हा तिघांच्याही कॉम्प्युटरवर आमची नावं इंग्रजीत. मराठी गेम, मराठी मासे, मराठी शिव्या, आणि चालत नव्हता तो फक्त ज्यांनी आपलं नाव मराठीत लिहिलं होतं त्यांना. कुणीतरी लिहिलं, हा गेम मराठी माणसाने मराठी माणसाचं नाक कापायला काढलेला दिसतो. मी ते आईला वाचून दाखवलं नाही.

जुन्या तक्रारींच्या यादीत शोधताना काकांची एक नोंद सापडली, गेम निघायच्या सहा आठवडे आधीची. मराठी नावाच्या फोल्डरात खेळ साठत नाही. घरच्या लॅपटॉपवर आढळलं. माझ्या प्रतीत दुरुस्त केलं आहे, ऑफिसच्या प्रतीतही करावं. खाली माझा शेरा: फक्त लिनक्स, बंद.

मी जिन्यात जाऊन काकांना फोन लावला. माफी मागायची होती, पण आधी कामाचं बोलले. म्हटलं, तुमच्या प्रतीत ती दुरुस्ती आहे ना, तेवढी पाठवाल का?

"ती पुसली," काका म्हणाले. "तुझ्यासमोर पुसली."

मी म्हटलं, दुसरीकडे कुठे ठेवली असेल ना. सगळेच ठेवतात.

"सगळ्या प्रती, असं लिहिलं होतं. मी सही केली आहे."

चार महिन्यांचे रविवार होते ते. वीस वर्षांत एकदा घरी सरळ चाललेला गेम होता, आणि मी पोलीस येतील म्हणून हसले होते. मला माझी इतकी लाज वाटली की मी तिथेच पायरीवर बसले. माफ करा काका, असं कसंबसं म्हणाले. ते म्हणाले, कागद-पेन आहे का, आणि कुठल्या फाइलीत, साधारण कुठल्या ओळीपाशी, काय बदलायचं ते त्यांनी सावकाश सांगितलं. सगळं तोंडपाठ. एका ठिकाणी म्हणाले, इथे लहान अक्षर काढ. मी लहान अक्षर काढलं.

लिहून झालं. मग त्यांनीच विचारलं, गेममध्ये अकराव्या दिवसाचा लिलाव झाल्यावर ती बंदरावरची म्हातारी खलाशाला हाक मारते आणि पडदा काळा होतो, तो त्यांच्याच कॉम्प्युटरचा दोष होता की तसंच आहे? ते घरी रोज संध्याकाळी गेममधला एक दिवस खेळत होते. काकूही शेजारी बसायच्या. अकरावा दिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ होता.

मी म्हटलं, तसंच आहे काका, दोष नाही. बाराव्या दिवशी काय होतं माहितीये, ती म्हातारी त्याला घेऊन खाली वाळूत जाते आणि...

"सांगू नकोस गो," काका म्हणाले. "घरी चालेल तेव्हा बघू आम्ही."